रेघेपलीकडची टकटक

शुक्रवारपर्यंत खोली रिकामी करावी, असा कागद सोमवारी सकाळी डिंकबाईच्या टेबलावर येऊन पडला, आणि खाली सही होती तिच्या सख्ख्या भावाची. सख्ख्या! लहानपणी एकाच सायकलवरून दोघं मिळून गटारात पडलेल्या, मार मात्र तिच्या वाटचाही खाल्लेल्या भावाची. तिनं कागद दोनदा वाचला, उलटा करून मागं काही लिहिलंय का तेही पाहिलं. मागं कोरं होतं.

हे डिंकबाई काय प्रकरण आहे, ते आधी सांगायला हवं. मेंदूत मुख्यतः दोन तऱ्हेच्या पेशी. एक चेतापेशी. विजेवर बोलणाऱ्या, लांब हातापायांच्या, सगळा मानमरातब त्यांचा. दुसऱ्या त्यांच्या भोवतीनं दाटीवाटीनं बसलेल्या ग्लिया पेशी. ज्यानं त्यांचं नाव ठेवलं त्याला वाटलं, हा नुसता डिंक आहे, चेतापेशींना जागच्या जागी चिकटवून ठेवणारा. ग्लिया म्हणजे डिंकच. आमच्या बाईंनी या डिंकात आयुष्याची एकतीस वर्षं घातली, म्हणून सगळ्या संस्थेत त्यांचं हे नाव. तोंडावर बाई, पाठ वळली की डिंकबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

तिचं म्हणणं एकच. हा डिंक मुका नाही. ग्लिया पेशी एकमेकींशी बोलतात, चेतापेशींशीही बोलतात, आणि विजेनं नव्हे तर रसायनानं. एक पेशी आजूबाजूच्या पाण्यात थोडंसं रसायन सोडते, शेजारणीला ते पोचतं, ती जागी होते, ती पुढं सोडते. एटीपी नावाचं रसायन असावं, असा तिचा अंदाज. पेशी रोज जे इंधन जाळते तेच. पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, आणि तिचा भाऊ, म्हणजे दादा, विभागप्रमुख, चेतापेशींचा मोठा जाणकार, त्याला अंदाज चालत नसत.

कागद मुठीत धरून ती तडक त्याच्या खोलीत गेली. लोकांसमोर ती त्याला 'सर' म्हणायची. दार लागलं की दादा.

"हे काय आहे?"

"कागद," दादा म्हणाला. मान वर नाही. समोर तिचीच मागच्या महिन्याची वही उघडी होती. "ठमे, अठ्ठाविसाव्या पानावर तारीख नाही. हजारदा सांगितलं तुला. तारखेशिवायची नोंद म्हणजे गप्पा."

"विषय बदलू नकोस."

"बरं, नाही बदलत. शुक्रवारी नवं यंत्र येतंय. त्याला अंधारी खोली लागते, आणि मजल्यावर अंधारी खोली एकच. तुझी."

"तीन वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर काय ठरलं होतं? वहिनी साक्षीला आहेत."

"ठरलंय ते ठरलंय. तुझ्या ग्लिया आपापसांत काही कुजबुजतात, हे मी मानतो. माझं म्हणणं, ते हातोहात चालतं. हाताला हात लागलेला असतो, म्हणून बादल्या पुढं जातात. पाण्यात काही सोडत नाहीत त्या, आणि माझ्या चेतापेशींना तर त्यातलं काहीच ऐकू येत नाही. पाण्यातून जातं हे दाखव. माझ्या पेशीला ऐकू येतं हे दाखव. मग ती खोली तुझी, मी निवृत्त झाल्यावरही तुझी. शब्द फिरवलेला नाही मी. शुक्रवारपर्यंत दाखव."

"चार दिवसांत?"

"तीन वर्षं आणि चार दिवस. बाकीच्यांना तोंड मला द्यावं लागतं गं." आता त्यानं मान वर केली. "आणि हल्ली तुझ्या डिश फार वाया जातात. का, ते तू सांगत नाहीस."

डिंकबाईनं उजवा हात एप्रनच्या खिशात घातला आणि ती बाहेर पडली.

तो हात म्हणजे तिच्या जिवाला लागलेला घोर होता. वर्षभरापूर्वी थरथर सुरू झाली. आधी फक्त सही करताना, मग चमचा धरताना, मग पिपेट धरली की हटकून. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, असतं काहींना, वाढेल हळूहळू. घाबरण्यासारखं नाही म्हणे! ज्या बाईचं पोट दोन बोटांत धरलेल्या काचेच्या नळीवर, तिला सांगतात घाबरू नका. तिनं कोणाला पत्ता लागू दिला नाही. कप दोन्ही हातांनी धरायचा, बोलताना हात खिशात, डिशमधलं पाणी बदलायचं तर बाकीचे जेवायला गेले की. हात गेला हे कळलं तर खोली मागायला तोंड कुठलं उरणार?

मंगळवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिनं उबेच्या कपाटातून शेवटची डिश काढली. हाताच्या तळव्यावर मावेल एवढी काचेची बशी, तळाला ग्लिया पेशींचा थर, भिंतीला भिंत लागलेल्या घरांसारखा, कुठं फट नाही. तीन आठवडे जपून वाढवलेल्या चार डिशपैकी ही एकच उरली होती. जुनं पाणी पिपेटनं काढायचं, नवं घालायचं, एवढंच काम. तिनं श्वास धरला, कोपर टेबलाला टेकवलं, नळीचं टोक पाण्यात घातलं, आणि हातानं दगा दिला. टोक तळाला लागलं आणि खर्रकन या काठापासून त्या काठापर्यंत घासत गेलं.

डिश उजेडात धरली तर मधोमध केसाएवढी रुंद रेघ. रेघेवर पेशीचा मागमूस नाही, नुसती काच. थराचे उभे दोन तुकडे झाले होते.

"मेल्या!" ती आपल्याच हाताला म्हणाली. "मेल्या, आजचाच मुहूर्त सापडला तुला?"

रडू आलं. सत्तावन्न वर्षांची बाई, एकटीच उभी राहून हुंदके देत होती. डिश कचऱ्याच्या डब्यावर नेली, झाकण पायानं उघडलं, आणि मग तिला वाटलं, टाकायचीच आहे तर एकदा डोळे भरून बघून टाकू. ती तशीच अंधाऱ्या खोलीत गेली.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी काळसर दिसत होत्या. त्यांत तिनं असा रंग भरला होता, की पेशी जागी झाली, तिच्या आत कॅल्शियम वाढलं, की ती हिरवी उजळते. आता एका पेशीला काचेच्या सुईनं हळूच शिवायचं. हे काम स्क्रूचं. स्क्रू एक फेरा फिरवावा तेव्हा सुई जेमतेम मुंगीच्या पावलाएवढी सरकते, त्यामुळं हाताची थरथर तिथवर पोचतच नाही. सुई टेकली. ती पेशी उजळली. मग तिच्या शेजारणी, मग त्यांच्या शेजारणी, उजेडाचं कडं पसरत पसरत रेघेच्या काठाशी आलं आणि थांबलं.

थांबणारच. पुढं काच होती. पुढं हाताला हात नव्हता.

आणि मग पलीकडच्या काठावरची एक पेशी उजळली.

डिंकबाईनं डोळा सूक्ष्मदर्शकावरून काढला, चष्मा पुसला, परत लावला. पलीकडं आता दहा-बारा पेशी उजळल्या होत्या आणि कडं पुढं चाललं होतं, जणू मध्ये काही झालंच नाही. तिनं अशी काही आरोळी ठोकली, की कार्यशाळेतून पानाकाका धावत आले. पानाकाका म्हणजे संस्थेची सगळी यंत्रं दुरुस्त करणारे गृहस्थ. खिशात पाना असल्याशिवाय त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"शॉक बसला काय?"

"काका, उडी मारली! हातोहात म्हणे! कुठायत हात? दाखवा मला हात!"

काकांना ओ की ठो कळलं नाही, पण बाई हसतेय हे पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला.

आता एक अडचण होती. त्या विभागात दादानंच घालून दिलेली एक शिस्त होती. प्रत्येक वहीची शेवटची पानं चुकांसाठी. चूक झाली की ती लाल पेन्सिलीनं तिथं लिहायची, कशामुळं झाली ते लिहायचं, आणि ज्याची चूक त्यानं खाली सही करायची. झाडणाऱ्यापासून प्रमुखापर्यंत कोणाला सूट नाही. डिंकबाईनं लाल पेन्सिल घेतली, बराच वेळ टोक चावलं, आणि लिहिलं, 'रेघ पडली.' सही केली नाही.

बुधवारी दादानं सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्यानं टिपलेलं त्या उडीचं चित्रण लागोपाठ तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना तो खुर्चीत पुढं सरकून बसला, हे तिनं बरोबर टिपलं.

"रेघ कुठून आली?"

"पडली."

"रेघा आपोआप पडत नाहीत, ठमे." त्यानं वहीचं शेवटचं पान उघडलं, ते दोन शब्द वाचले, खालची मोकळी जागा पाहिली आणि पान मिटलं. मग म्हणाला, "एकच डिश आहे. काचेला चिकटून एखादा बारीक धागा राहिला असेल, त्याच्यावरून गेलं असेल. आणि माझी चेतापेशी कुठं आहे यात? तिला काय ऐकू आलं? उद्या माझ्यासमोर कर. रेघ मारण्यापासून सगळं."

"कशावर करू? माझ्या डिश संपल्या. नव्या व्हायला तीन आठवडे लागतात."

"मग मी तरी काय करू?"

डिंकबाईच्या डोक्यात काहीतरी चमकलं. ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"दादा, तुझ्या कपाटात सहा डिश आहेत. चेतापेशींच्या."

"आहेत. माझ्या आहेत."

"तुझ्या चेतापेशी नुसत्या काचेवर वाढतात?"

"नाही. मरतात."

"मग कशावर वाढवतोस?"

"गालिचा असतो खाली," दादा म्हणाला आणि उगाच कागद चाळायला लागला.

"कसला गालिचा?"

तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल. मला या वयात कमी ऐकू येतं."

"ग्लियाचा! ग्लियाचा गालिचा! झालं समाधान?" दादा ओरडला, आणि मग त्यालाच हसू फुटलं. वीस वर्षं तो तिच्या डिंकावर आपल्या लाडक्या पेशी वाढवत होता आणि त्या डिंकाकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "घे दोन डिश. दोनच हं. आणि ऐक, पाणी वाहतं ठेवायचं. रसायन पाण्यातून जात असेल तर ते पाण्याबरोबर वाहील. प्रवाह इकडून तिकडं असला तर पलीकडं पोचेल, उलटा असला तर नाही पोचणार. हातोहात असेल तर पाणी कुठूनही वाहो, काही फरक पडायचा नाही."

"हे तुला आत्ता सुचलं?"

"तीन वर्षांपूर्वी सुचलं होतं. तू विचारलं नाहीस."

पानाकाकांनी रात्र पडायच्या आत जोडणी करून दिली. दोन बाटल्या, डिशच्या दोन बाजूंना दोन नळ्या, ज्या बाटलीला वर टांगाल तिकडून पाणी येणार. मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्याला बाटल्या दिसायच्या नाहीत.

गुरुवारी सकाळी दहाला अंधाऱ्या खोलीत चौघं जमली. डिंकबाई, दादा, पानाकाका, आणि वहिनी. वहिनीचं शिवणकामाचं दुकान. शर्टाचं काम अर्धवट टाकून आली होती, गळ्यात टेप तशीच.

"जेवणाच्या टेबलावर शब्द दिला तेव्हा मी वाढत होते," वहिनी म्हणाली. "आता पुरा होतोय की नाही, तेही मीच बघणार."

पहिली डिश आली. दादा म्हणाला, "मार रेघ."

डिंकबाईनं पिपेट उचलली. सगळे बघत होते. तिनं कोपर टेकवलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, टोक पाण्यात घातलं, आणि हात असा काही थडथडला, की टोक डिशभर नाचलं. अर्धा गालिचा फाटून चिंध्या होऊन वर तरंगला. दादाच्या महिन्याभराच्या चेतापेशी त्यातच गेल्या.

पानाकाका आपल्या पान्याकडं बघत राहिले.

"हात थरथरतो माझा," डिंकबाई म्हणाली. "वर्ष झालं. परवाची रेघही मी मारलेली नाही, हात घसरला. मी लपवलं. खोली जाईल म्हणून लपवलं. आता घे खोली. पण ती उडी खरी आहे, दादा. माझा हात खोटा पडला, ती नाही."

दादानं तिच्या हातातून पिपेट काढून घेतली.

"वर्षभर तू माझ्या घरी कप दोन हातांनी धरतेस," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीनं पहिल्या महिन्यातच ओळखलं. तू कधी सांगतेस याची आम्ही वाट बघत होतो. मुलखाची हट्टी."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर कबूल झाली असतीस?"

"नाही."

"मग?" त्यानं दुसरी डिश पुढं ओढली. "रेघ मी मारतो. बरंच आहे ते. उद्या मलाच शंका आली, तर भांडायला दुसरं कोणी सापडायचं नाही."

त्याचा हात म्हणजे काय सांगावं! चाळीस वर्षं एकेका पेशीला तार टोचणारा हात. सर्रकन एक ओळ, सरळ, केसाएवढी, काठापासून काठापर्यंत. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांनीही आळीपाळीनं रेघ तपासली. आरपार नुसती काच होती, धागा नाही की दोरा नाही. मग त्यानं रेघेपलीकडची एक चेतापेशी निवडली, तिच्या अगदी कुशीत बारीक तार नेऊन ठेवली आणि स्पीकर लावला. पेशी वीज सोडते तेव्हा स्पीकरमध्ये टक् असं वाजतं. खोलीत तिचा आवाज घुमायला लागला. टक्. बऱ्याच वेळानं परत टक्. आळसावलेली होती बाई.

"आता मी डोळे मिटतो," दादा म्हणाला. "नुसतं ऐकतो. पाणी कुठून वाहतंय ते मला कोणी सांगायचं नाही. मी सांगीन."

वहिनीनं पर्समधून दोन बटणं काढली, एक पांढरं, एक काळं. पांढरं निघालं तर पाणी सुई टेकते त्या बाजूनं रेघेकडं, काळं निघालं तर उलटं. आडोशामागं वहिनी न बघता बटण काढणार, पानाकाका बाटल्या लावणार आणि कागदावर लिहिणार. डिंकबाई नुसती सुई टेकवणार, रेघेच्या अलीकडं. तिला स्वतःलाही पाण्याची दिशा ठाऊक नव्हती. तिला फक्त हिरवा उजेड दिसणार होता, आणि तोंड बंद ठेवायचं होतं, जे तिला सुईपेक्षा अवघड होतं.

पहिली खेप. तिनं स्क्रू फिरवला. पेशी उजळली, कडं पसरलं, काठाशी आलं. काठाशी थांबलं. एक, दोन, तीन. आणि पलीकडं हिरवं! कडं पुढं सरकलं, दादाच्या चेतापेशीखाली पोचलं, आणि स्पीकर खडबडून जागा झाला. टक्टक्टक्टक्, जणू दारावर कोणी घाईनं थाप मारतंय.

दादाच्या मिटलेल्या डोळ्यांच्या पापण्या हलल्या.

"पाणी इकडून तिकडं," तो म्हणाला.

दहा मिनिटं पेशींना विसावा दिला. दुसरी खेप. कडं काठाशी आलं आणि तिथंच विझलं. स्पीकरमध्ये तीच आळसावलेली टक्. थांबून परत टक्.

"उलटं."

तिसरी. परत उलटं. चौथ्या वेळी थाप वाजली तेव्हा दादाचा आवाज बदलला होता. "इकडून तिकडं," तो म्हणाला आणि खुर्चीचा हात घट्ट धरून बसला. बरोबर की चूक, हे कोणीच सांगत नव्हतं. कागद शेवटी उघडायचा, असं ठरलं होतं. पाचवी, सहावी, सातवी. सकाळ सरून दुपार झाली. वहिनीच्या दुकानातून दोनदा फोन आला, तिनं दोन्ही वेळा कापला. आठवी खेप झाल्यावर दादानं डोळे उघडले.

"वाचा."

पानाकाकांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. तिसरं, चौथं, पाचवं बरोबर. सहावं वाचताना ते अडखळले.

"सहाव्याला सर म्हणाले उलटं. कागदावर पांढरं आहे. म्हणजे सरळ."

डिंकबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, सहाव्या वेळी कडं काठाशी विझलं होतं. पाणी सरळ असूनही विझलं असेल, तर एकतीस वर्षांचं काय?

"थांबा," वहिनी म्हणाली. "सहाव्या वेळी दुकानातून फोन आला होता. मी बटण दाखवलं, तुम्ही लिहिलंत, आणि तेवढ्यात मी म्हटलं काका जरा पर्स धरा. आठवतंय? बाटल्या तुम्ही हलवल्यातच नाहीत. पाचव्याला उलट्या होत्या, त्या तशाच राहिल्या."

पानाकाका उभेच्या उभे राहिले. मग आपल्याच कपाळावर त्यांनी पाना हाणला, सुदैवानं हळू.

"अरे देवा! खरंच की! मी पर्स धरली आणि तशीच नळी उघडली. सातव्याला काळं आलं तेव्हा हात वर नेला, बघतो तर बाटली आधीच जागेवर. मी म्हटलं, वा, बरं झालं!"

"असं बोलण्यावर मी सोडणार नाही," दादा म्हणाला. "सहावी खेप धरायची नाही. परत करायची. तीनदा."

तीनदा केली. यावेळी बाटल्यांवर वहिनीचीही नजर होती आणि फोन पिशवीत तळाशी होता. थाप, शांत, थाप. सरळ, उलटं, सरळ. कागद उघडला. तिन्ही बरोबर, आधीचं सातवं-आठवंही बरोबर.

"दहाच्या दहा," वहिनी म्हणाली. "आणि ज्या वेळी आमचा कागद चुकला, त्या वेळीही यांचे कान बरोबर होते. अहो, ऐकताय ना? तुम्हाला ऐकू आलं. तुमच्या पेशीला ऐकू आलं."

डिंकबाई उठली. तिला काय करावं सुचेना. तिनं वहिनीला मिठी मारली, पानाकाकांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला, मग खोलीच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात वर करून ओरडली, "बोलतात! मेल्या बोलतात! पाण्यातून बोलतात!" उजवा हात वर थरथरत होता, सगळ्यांदेखत, खुशाल. बाहेरच्या दालनातले लोक दारात गोळा झाले आणि कोणीतरी विचारलं, काय झालं, तर पानाकाका छाती फुगवून म्हणाले, "डिंक बोलला!"

दादा अजून खुर्चीतच होता. त्यानं खिशातून सोमवारचा कागद काढला, त्याची प्रत त्याच्याकडं होतीच, आणि फाडला.

"यंत्र माझ्या खोलीत बसेल," तो म्हणाला. "खिडकीला काळा कागद लावू. तुझी खोली तुझी. आणि सुई तू टेकवायचीस, रेघा मी मारीन, मी निवृत्त झालो तरी येईन. नाहीतरी घरी तुझी वहिनी मला बटणं लावायला बसवील."

डिंकबाईनं नाक पुसलं आणि वही ओढली. शेवटचं पान काढलं. 'रेघ पडली' याच्याखाली तिनं लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'माझा उजवा हात थरथरतो. पिपेट घसरली, म्हणून पडली.' अक्षर वेडंवाकडं आलं. तिनं सही केली, तीही वेडीवाकडी. पानाकाकांनी पेन्सिल मागून घेतली आणि सहाव्या खेपेची बाटली इमानदारीनं लिहून टाकली.

मग दादानं हात पुढं केला.

"तुझं काय चुकलं?" डिंकबाईनं विचारलं. "रेघ तर सरळ आली."

तो उत्तर न देता लिहीत राहिला, त्याच्या त्या स्थिर, सुबक अक्षरात. लिहून झाल्यावर वही तिच्याकडं वळवली. तिनं वाचलं. 'ग्लिया मुक्या असतात असं मी आजवर प्रत्येक वर्गाला शिकवलं. माझ्या बहिणीनं एकतीस वर्षं नाही म्हणून सांगितलं, मी ऐकलं नाही. आज ऐकलं.' खाली पूर्ण सही होती.

डिंकबाईनं ते परत एकदा वाचलं. अक्षरं अंधुक व्हायला लागली, म्हणून तिनं चष्मा काढून डोळे पुसले, परत लावला. मग वही त्याच्यापुढं सरकवली आणि सहीशेजारच्या मोकळ्या जागेवर थरथरतं बोट ठेवलं.

"तारीख घाल," ती म्हणाली.